डेबूचे आजोळ

इतिहास म्हटला की लढाया आणि तहनामे, अशी श्रोत्यांची समजूत असते. आमचे अचलपूर तर एकेकाळची इमादशाहीची राजधानी. येथे दुसरे काही सुचणे कठीणच! पण आज आम्ही ज्या लढाईविषयी बोलणार आहो ती घराच्या चार भिंतींत होते, आणि तिच्यात घायाळ होणारा बहुधा बारा-पंधरा वर्षांचा असतो.

तिचा दाखला लांबून आणावयास नको. आपल्या शेजारच्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगाव येथे २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मास आला. पुढे लोकांनी त्यालाच गाडगेबाबा म्हटले. बाबांचा खराटा सर्वांना ठाऊक आहे. झिंगराजींचे घर कसे मोडले ते मात्र आपण घाईने सांगून टाकतो. दारूपायी घरची चांगली स्थिती गेली आणि १८८४ च्या सुमारास बापही गेला. पोर तेव्हा आठ वर्षांचे. दारूच्या घरात पैशाची चणचण असतेच. पण मुलाला त्याहून मोठी चणचण भासते ती भरवशाची. संध्याकाळी बाप कोणत्या पावलांनी दारात येईल, हे त्याला कधीच सांगता येत नाही.

आई सखुबाई मुलाला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरकडील दापुऱ्यास गेली. तेथे मामा चंद्रभानजींच्या घरी डेबू गुरे राखू लागला, मग नांगर धरू लागला. शाळेचे नाव नाही. आमचीही शाळा लवकर सुटली, म्हणून त्या कष्टांचे गोडवे आम्ही गाणार नाही. तरी त्या घरात कामाला वेळ होती, भाकरीला वेळ होती, आणि पोराला हक्काची जागा होती. मामांची जमीन सावकाराच्या घशात गेली तेव्हा त्याच्या माणसांपुढे तरणा डेबू शेतात पाय रोवून उभा राहिला, असे चरित्रकार सांगतात. आश्रित पोर असे उभे राहत नाही, घरचे राहते. १८९२ साली त्याचे लग्न झाले. पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रीतीप्रमाणे दारू-मटण न करता त्याने गोडाचे जेवण घातले. भाऊबंद रुसले असतील; पण दारूने काय होते हे त्याला कोणी शिकवावे लागले नव्हते.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हाला बरे वाटत नाही. १ फेब्रुवारी १९०५ रोजी बाबांनी घर सोडले. मागे बायको-मुले राहिली. बाबांनी अनाथ-अपंगांसाठी धर्मशाळा उभारल्या, त्यांचे ऋण महाराष्ट्रावर आहे. पण त्यांच्या स्वतःच्या मुलांनी बापाची वाट कशी पाहिली असेल, हा प्रश्न बाबांच्या मोठेपणाने पुसला जात नाही. भक्तांनी रागावू नये.

आजचे मानसशास्त्र म्हणते की घरात भांडण झाले यापेक्षा ते मिटले नाही, याचा घाव मुलावर अधिक खोल बसतो. मोठ्यांनी मुलांदेखत समेट केला तर मूल सावरते. धुमसत राहिले तर त्याची झोप जाते, अभ्यास जातो, आणि हे सारे आपल्यामुळेच, असे ते मनाशी धरते. कित्येकदा आई आणि बाप दोघेही त्याला साक्षीला ओढतात.

हे आम्हाला फार उशिरा कळले. संघटनेच्या कामात आम्ही पगाराची थकबाकी पैशापैशाने मांडली. थकलेल्या पगाराबरोबर घराघरांत काय थकले होते त्याची वही आम्ही कधी ठेवली नाही. गिरणी बंद असतानाच्या दिवसांत एका कामगाराचा पंधरा वर्षांचा मुलगा रात्री दहाला युनियनच्या कचेरीत आला. “घरी लय भांडण होऊन रायलं, काका. मी इथंच झोपतो.” आम्ही त्याला सतरंजी दिली आणि सकाळी बापाला बोलावून चारचौघांत खडसावले. ती आमची चूक झाली. बापाची लाज गेली आणि त्याचा राग पोरावर निघाला.

चौथ्या दिवशी मुलगा पुन्हा आला. या खेपेस आम्ही कोणाला बोलावले नाही. त्याच्या आईला विचारले आणि त्याला परतवाड्याला मामाकडे पोचविले. वर्षभर तो तेथेच राहिला. बाप महिन्यातून एकदा येई, ओसरीवर बसे, चहा घेई आणि परत जाई. पहिले काही महिने मुलगा बाहेर येत नसे. नंतर तोच चहा घेऊन येऊ लागला.