उष्णतेची वाट

१८३३ साली ‘टस्कनी’ जहाज बोस्टनहून सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्यास निघाले. चार महिन्यांच्या वाटेत उष्णता आत शिरत राहिली, नि सुमारे १०० टनच पोचला. पुढल्याच वर्षी लंडनमध्ये जेकब पर्किन्सने शीतयंत्राचे पेटंट घेतले. द्रवाची वाफ होताना ती आतली उष्णता शोषते. वाफ दाबून पुन्हा द्रव केली की ती उष्णता बाहेर पडते. आपल्या घरचा उभा फ्रीझर आजही हेच करतो. थंडी कोणी निर्माण करीत नाही. उष्णता बाहेर काढावी लागते. म्हणून तो गार करीनासा झाला, तर आपण दोनच प्रश्न विचारावेत: उष्णता शिरली कोठून, अडली कोठे? दाराचे रबर सैल झाले असेल, मागे धूळ साचली असेल, किंवा आतल्या नळ्यांवर हिम दाटले असेल. हिम पाहून आपण समाधान मानतो. वाट मात्र तेच अडवून बसलेले असते!