बसच्या आतला पडदा

२१ ऑगस्ट २०२२ ला पुण्यात हायड्रोजनवर चालणारी बस आली, पाषाणच्या एनसीएलने आणि केपीआयटीने मिळून बनवलेली. फोटो सगळे बसचे. मला कौतुक आतल्या पडद्याचं!

हा पडदा फक्त प्रोटॉन सोडतो. इलेक्ट्रॉनला मग तारेतून वळसा घालावा लागतो, तीच वीज. १९५५ मध्ये जीईच्या थॉमस ग्रब यांनी असा सेल बनवला, आणि पुढे निड्राख यांनी पडद्यावर उत्प्रेरक म्हणून प्लॅटिनम चढवलं. १९६५ ला जेमिनी-५ मधून तो अवकाशातही गेला, पण पडदा फार टिकेना. अपोलोने दुसराच सेल घेतला.

नंतर ड्युपाँटचं नॅफिऑन आलं. दणकट, पण सतत ओलं हवं, म्हणजे फार तापवायचं नाही. (एनसीएल-केपीआयटीच्या २०२० च्या गाडीतला सेलही ६५-७५ अंशांवरच चालायचा.) आणि इतक्या कमी तापमानाला हायड्रोजनमध्ये जरासा कार्बन मोनॉक्साइड असला की प्लॅटिनम गुदमरलंच.

म्हणून एनसीएलमध्ये पीबीआय नावाच्या पॉलिमरवर बरंच काम झालंय. त्यात फॉस्फोरिक आम्ल मुरवलं की पडदा दीडशे अंशांच्या वरही चालतो. पण ते आम्ल हळूहळू गळतं. महागड्या प्लॅटिनमऐवजी नायट्रोजन घातलेलं ग्राफीन चालेल का, हेही तिथे तपासलं गेलंय.