दख्खनच्या स्वाराचा हिवाळी पोशाख

गुलबर्गा आणि बिदर ही नावे उच्चारली की डोळ्यांसमोर उभे राहते ते ऊन. काळ्या मातीला भेगा पाडणारे, किल्ल्यांचे दगड तापविणारे वैशाखातले ऊन. परंतु याच पठारावर मार्गशीर्ष आणि पौष हे दोन महिने असे येतात की पहाटे पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो आणि उघड्या माळावरचा कोरडा वारा हाडांपर्यंत पोचतो. घोड्याची रपेट करावयाची ती याच वेळी, सूर्य वर येण्यापूर्वी. साहजिकच घोड्यावर प्रथमच बसावयास निघालेला नवशिका घरात असतील नसतील तेवढे लोकरीचे कपडे अंगावर चढवितो, गळ्याभोवती मफलर गुंडाळतो, पायांत दोन दोन मोजे घालतो आणि अर्ध्या तासात घामाघूम होऊन, अवघडून, थरथरत खाली उतरतो. थंडीत स्वाराने काय ल्यावे हा प्रश्न आजचा वाटतो. पण या भूमीने तो पाचशे वर्षांपूर्वीच सोडविला होता.

अलाउद्दीन बहमनशहाने १३४७ मध्ये दख्खनचे स्वतंत्र राज्य स्थापून गुलबर्गा ही राजधानी केली. पुढे पंधराव्या शतकात अहमदशहाने ती बिदरला नेली. या राज्याचा प्राण घोडदळात होता आणि उत्तम घोडे येत ते समुद्रापलीकडून. होर्मुझच्या बंदरात ते गलबतांवर चढत, चौल किंवा दाभोळला उतरत आणि घाट चढून पठारावर येत. असाच एक घोडा घेऊन १४७० च्या सुमारास अफानासी नीकितीन नावाचा रशियन व्यापारी चौलला उतरला. त्या घोड्यापायी आपले शंभर रूबल गुंतले, असे त्याने लिहून ठेवले आहे. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला, तो मोठ्या खटपटीने परत मिळाला आणि अखेर बिदरला विकला गेला. घोड्यांना येथे हरभरे आणि साखर व तेल घातलेली खिचडी चारतात, याचे त्याला नवल वाटले. बिदरहून बारा कोसांवर भरणाऱ्या शेख अलाउद्दीनच्या जत्रेचे वर्णनही त्याने केले आहे. दहा दिवसांच्या त्या बाजारात वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येतात, असे तो म्हणतो. ती जत्रा गुलबर्गा जिल्ह्यातील आळंद येथील होय.

घोड्याच्या व्यापाऱ्याची नजर स्वाराच्या अंगावरील कपड्यांकडे गेली नसती तरच आश्चर्य. नीकितीनने हिवाळ्यातील वेषाची नोंद केली आहे. मात्र तो ज्याला हिवाळा म्हणतो तो आपला पावसाळा, कारण चार महिने चिखल आणि पाणी असल्याचे तो सांगतो. त्या गारठ्यात सामान्य माणूस तीन अखंड वस्त्रांवर भागवी: एक कमरेला, दुसरे खांद्यावर, तिसरे डोक्याला. सरदार मंडळी मात्र तुमान, सदरा आणि वर कफ्तान चढवीत. त्याशिवाय एक वस्त्र खांद्यांवर घेत, दुसऱ्याने कंबर कशीत आणि तिसऱ्याने डोके गुंडाळीत.

ही नुसती श्रीमंतीची मिरवणूक नव्हे. यातील प्रत्येक कपड्याला काम नेमून दिलेले आहे. तुमान मांडीचे रक्षण करते. सदरा घाम टिपतो. कफ्तान वारा अडवितो. कमरेचा शेला पोट आणि पाठ आवळून धरतो, म्हणून घोड्याच्या धक्क्यांनी स्वार लवकर थकत नाही. शिवाय कपड्याच्या आतली ऊब खालून निसटू देत नाही. डोक्याचे वस्त्र कानांना ऊब देते आणि पडल्यास कवटीला थोडा आधार देते. खांद्यावरचे वस्त्र तेवढे मोकळे, हवे तेव्हा काढून घेता येणारे. एका जाड कपड्याऐवजी अनेक पातळ कपडे, आणि ते बटणांनी न जखडता बंदांनी व पट्ट्यांनी बांधलेले, हे त्या पोशाखाचे मर्म होते. बंद सैल करावयास क्षण पुरतो, आवळावयासही क्षण पुरतो.

यातील तुमानीचा इतिहास तर मानवजातीच्या घोडेस्वारीइतकाच मनोरंजक आहे. चीनच्या पश्चिमेस तुर्फानजवळ यांघाई येथील दफनभूमीत लोकरीच्या दोन विजारी सापडल्या. त्यांचे वय सुमारे तीन हजार वर्षे असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि आजवर ज्ञात असलेल्या विजारींत त्या सर्वांत जुन्यांपैकी ठरल्या. त्यांच्या दोन पायांच्या मध्ये एक रुंद तुकडा मुद्दाम जोडलेला आहे, तो मांड पसरताना कापड ताणले जाऊ नये म्हणून. पुढे इ. स. पूर्व ३०७ मध्ये चीनमधील झाओ राज्याचा राजा वूलिंग याने आपल्या सैनिकांना लांब झगे टाकून उत्तरेकडील भटक्या टोळ्यांप्रमाणे विजारी घालावयास लावले. दरबाराने नाके मुरडली. पण झग्यात घोडा दौडविता येत नाही, हे त्या राजाला कळले होते.

दख्खनमध्ये हे शहाणपण बहमनींबरोबर संपले नाही. साताऱ्यास रेसिडेंट म्हणून राहिलेल्या ग्रँट डफने आपला मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात मराठा स्वाराचा जो पोशाख त्याने वर्णिला आहे, तो नीकितीनच्या नोंदीशी ताडून पाहावा. गुडघा झाकणारी हलकी तुमान, रुई भरून शिवलेला डगला, कमरेला तलवार अडकविण्याचा शेला आणि डोक्याला पागोटे. साडेतीनशे वर्षांचे अंतर, राज्ये बदललेली, भाषा बदललेली. पण पोशाखाचा सांगाडा तोच. डफने एक बारकावा टिपला आहे, तो सोन्याच्या मोलाचा आहे. पुष्कळ स्वार पागोट्याचा एक पदर हनुवटीखालून घेऊन घट्ट करीत, असे तो सांगतो. पागोटे दौडीत पडू नये हा एक हेतू आणि कान व गाल झाकले जावेत हा दुसरा लाभ. आजच्या शिरस्त्राणाचा हनुवटीखालील पट्टा वेगळे काय करतो?

रुई भरलेल्या डगल्याची युक्तीही समजून घेण्यासारखी आहे. ऊब कापसात नसते. कापसाच्या तंतूंमध्ये अडकून राहिलेल्या निश्चल हवेत असते. दख्खनची थंडी कोरडी, म्हणून हा डगला येथे शोभतो. कापूस भिजला मात्र की तंतू एकमेकांना चिकटतात, हवा निघून जाते आणि तोच कपडा अंगातील ऊब शोषू लागतो. त्या वेळी कामास येते ती लोकर. या पठारावरील काळ्या मेंढीच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी ओली झाली तरी बरीचशी ऊब राखते. धनगराची ती छत्री, अंथरूण आणि पांघरूण. स्वारालाही मुक्कामावर तिचाच आधार. नांदेड जिल्ह्यात माळेगावच्या खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात भरते आणि तेथे घोड्यांचा मोठा बाजार होतो. ऐन थंडीतल्या त्या बाजारात घोंगडीची किंमत कोणास समजावून सांगावी लागत नाही.

परंतु पोशाख ज्या हवेत घडतो त्या हवेतच तो खरा ठरतो, हा धडा मराठ्यांना फार महाग पडला. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी बिदरच्या शेजारी उदगीर येथे निजामाला नमविले. लगेच मार्चमध्ये परतूरहून फौज उत्तरेस निघाली. उन्हाळ्याच्या तोंडी निघालेल्या त्या फौजेला ऑक्टोबरअखेर पानिपतला तळ द्यावा लागला आणि १४ जानेवारी १७६१ पर्यंत, म्हणजे अडीच महिने, तो हलला नाही. रसद तुटली, माणसांना धान्य नाही, घोड्यांना वैरण नाही. त्यातच उत्तरेचा धुक्याने ओला झालेला हिवाळा. समोरच्या अफगाणांच्या देशातील पोस्तीन, म्हणजे लोकर आत ठेवून शिवलेला मेंढीच्या कातड्याचा अंगरखा, असल्याच हवेसाठी जन्मलेला. पानिपतच्या पराभवाची कारणे कपड्यांत शोधणे भाबडेपणाचे होईल. ती राजकारणात, रसदेत आणि रणनीतीत आहेत. पण उपाशी देह स्वतःची ऊब निर्माण करू शकत नाही आणि भिजलेले सूत ती राखू शकत नाही, हे निसर्गाचे गणित कोणत्याही सेनापतीच्या हुकमाने बदलत नाही. भीमेच्या खोऱ्यातील काटक घोडे यमुनेच्या काठी गेले. त्यांच्या स्वारांच्या अंगावरचा गारठा मात्र दख्खनचा नव्हता.

दीडशे वर्षांनी याच प्रदेशाचे नाव लावणारा एक रिसाला त्याहून कडक थंडीत उभा राहिला. हैदराबाद कॉन्टिन्जंटच्या घोडदळातून घडलेला ‘डेक्कन हॉर्स’ १९१४ मध्ये फ्रान्समध्ये उतरला आणि पहिल्या महायुद्धातील हिवाळे त्याने तेथे काढले. त्या युद्धात सैनिकांच्या पोटऱ्यांवर जी लोकरीची लांब पट्टी गुंडाळलेली दिसे, तिचे इंग्रजी नाव आपल्या ‘पट्टी’ या शब्दावरूनच पडले. कमरबंदही इंग्रजीत गेला तो येथूनच. जोधपूरच्या सर प्रतापसिंहांनी १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवास विलायतेत नेलेली, मांडीवर सैल आणि पोटरीवर घट्ट अशी विजार तर जगभर त्यांच्या गावाच्या नावाने ओळखली जाते. स्वाराच्या पोशाखात हिंदुस्थानने जगाकडून घेतले तितकेच जगाला दिलेही आहे.

मग आजच्या नवशिक्याने या इतिहासातून काय उचलावे? पहिली गोष्ट अशी की शिकाऊ स्वाराचे शरीर समान गरम राहत नाही. घोडा दुडकी चालीने ताशी बारा ते पंधरा किलोमीटर जातो, तेव्हा वारा नसतानाही तेवढ्या वेगाचा वारा त्याच्या अंगावर येतो. त्याच वेळी तोल सावरण्याच्या धडपडीत त्याला घाम फुटतो. मग पाळीची वाट पाहत तो उभा राहतो आणि तोच घाम त्याला गारठवितो. म्हणून अंगालगत घाम लवकर सोडणारा पातळ कपडा, त्यावर लोकरीचा स्वेटर आणि सर्वांत वर वारा अडविणारे, कमरेपर्यंतचे आखूड जाकीट असावे. चालताना किंचित थंडी वाजेल एवढेच कपडे घालून निघावे. दुडकी सुरू झाली की ते पुरे पडतात. थांबताच वरचा कपडा पुन्हा चढवावा, घाम वाळण्याची वाट पाहू नये.

दुसरी गोष्ट सुरक्षिततेची. खांद्यावर मोकळे वस्त्र घेणाऱ्या सरदाराची मांड पक्की होती आणि ते वस्त्र आवरणारे सेवकही होते. नवशिक्याने त्याचे अनुकरण करू नये. लोंबणारा मफलर, शालीचा पदर किंवा उघड्या कोटाचे टोक जिनाला अडकले तर पडणारा माणूस सुटत नाही, लोंबकळतो. मफलर हवाच असेल तर त्याची टोके जाकिटाच्या आत खोचावीत. विजार अंगाबरोबर असावी आणि मांडीच्या आतील बाजूस जाड शिवण नसावी. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शिंप्याला जे कळले ते आजच्या जीन्सच्या विजारीत विसरले गेले आहे.

पायांच्या बाबतीत सर्वाधिक चुका होतात. दोन मोज्यांनी बूट घट्ट होतो, रक्त खेळत नाही आणि पाय उलट अधिक गार पडतो. शिवाय फुगलेला बूट रिकिबीत रुतून बसण्याचे भय. एकच लोकरीचा मोजा, बोटे हलतील एवढा ऐसपैस बूट, गुळगुळीत तळ आणि पाय रिकिबीतून आरपार जाऊ नये म्हणून थोडी टाच, एवढे पुरे. रिकिबीत बुटाच्या दोन्ही बाजूंस बोटभर जागा राहिली पाहिजे. डोक्यावर शिरस्त्राण हवेच, आणि त्याखाली कान झाकणारी पातळ टोपी चालेल. जाड कानटोपी घातली तर शिरस्त्राण डोक्यावर बसत नाही, नुसते ठेवलेले राहते.

राहिले हात. त्यांची काळजी स्वारापेक्षाही घोड्यासाठी घ्यावयाची. गारठलेल्या बोटांना लगामाचा ताण कळत नाही. ती एकतर ढिली पडतात किंवा ओढ घेतात, आणि त्या प्रत्येक ओढीचे दुःख घोड्याच्या तोंडाला होते. म्हणून पातळ, चिकट पकडीचे हातमोजे घालावेत. जाड मोजा ऊब देतो पण स्पर्श हिरावून घेतो. तसेच खांदे आखडून, दात आवळून बसलेल्या माणसाची थंडी घोड्याला भीतीसारखी जाणवते. पाठीवरचा माणूस का ताठरला हे त्या मुक्या जिवाला कोण सांगणार? तोही मग ताठरतो, दचकतो.

स्वाराचा पोशाख म्हणजे केवळ स्वाराचे पांघरूण नव्हे. घोडा आणि माणूस यांच्यामधील तो एक पडदा आहे. तो जितका जाड, तितका दोघांमधील संवाद अस्पष्ट. आळंदच्या बाजारात घोड्याची पारख करणाऱ्या बहमनी सरदाराने आणि हनुवटीखाली पागोट्याचा पदर आवळणाऱ्या मराठा शिलेदाराने ऊब आणि मोकळीक यांचा जो मेळ साधला, त्यात या मातीचा अनुभव साठलेला होता. पौषातल्या पहाटे गुलबर्ग्याच्या माळावर प्रथमच रिकिबीत पाय ठेवणाऱ्या मुलाला तो अनुभव आयता मिळालेला आहे. त्याने तो अंगावर घालावा आणि मांड टाकावी.