खर्जाची कुळकथा

इंदूरच्या छत्रीबागेत, होळकरांच्या छत्र्यांपासून हाकेच्या अंतरावर, माझ्या बहिणीचं घर आहे. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात आमच्या वडिलांचा मिरजेचा तानपुरा गवसणीत उभा असतो. परवा त्याला सोबत आली: भाच्याची कोरी बेस गिटार. खोक्यातून निघून दोन दिवस झाले नाहीत तोच त्याने तक्रार मांडली. "मामा, तारा बदलायच्यात. फार खणखणतात. मला घुमारा हवाय."

मी आधी गवसणी काढायला लावली. तानपुरा काळी एकच्या पट्टीत लावला आणि शेवटची, पितळेची तार छेडली. मग त्याला म्हटलं, तुझ्या दुसऱ्या तारेचा सूर अर्ध्या पायरीने उतरव. उतरवला आणि दोन्ही सूर एकमेकांत मिसळून गेले. गणित साधं आहे. बेसची दुसरी तार सेकंदाला 73.4 वेळा थरथरते आणि काळी एकचा खर्ज 69.3 वेळा. पोराच्या डोक्यात मात्र बेस हे अमेरिकेतून आलेलं वाद्य आणि तानपुरा आजोबांचा. दोघांचा सूर एकाच गल्लीत राहतो हे त्याला नवीन होतं.

‘खर्ज’ हा शब्दच मुळात घसरत खाली आलेला आहे. मूळ षड्ज, सहा स्वरांना जन्म देणारा. उत्तरेत ‘ष’चा ‘ख’ होतो, भाषेची भाखा आणि वर्षेची बरखा होते, तसा षड्जाचा खरज झाला. मराठीने तो उचलून खर्ज केला आणि अर्थही खाली ओढला. आता षड्ज म्हणजे कुठलाही ‘सा’ आणि खर्ज म्हणजे तळाचा. तळाचं वेड इंदूरला जुनं. बीनकार बंदे अली खाँ होळकर दरबारात होते. पुढे याच गावात वाढलेल्या अमीर खाँसाहेबांचा मंद्र सप्तकातला मारवा ऐकला की गवयाच्या गळ्यातसुद्धा जाड तार असते असं वाटू लागतं. त्यांचे वडील शाहमीर खाँ सारंगिये, म्हणजे तातेचे माणूस.

तात म्हणजे जनावराच्या आतड्याची तार. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असायची तीच. जगभरच्या वाद्यांचा कारभार शतकानुशतकं तिच्यावर चालला आणि खर्जाची अडचणही तिच्यातच सुरू झाली.

अडचण अशी. 1636 साली मेर्सेन या फ्रेंच पाद्र्याने तारेचे नियम ग्रंथात मांडले. सूर खाली आणायचा तर तार लांब करा, सैल सोडा किंवा जड करा. लांबीला माणसाचा हात आडवा येतो. सैल सोडली तर तार लोंबते. उरला जडपणा. पण तात जाड करत गेलं की ती दांड्यासारखी ताठ होते, वाकत नाही, आणि तिच्यातून सुराऐवजी नुसता ठप्प आवाज येतो. वजन हवं पण ताठरपणा नको, असा हा पेच.

आपल्याकडच्या कारागिरांनी तो धातू बदलून सोडवला. पितळ पोलादापेक्षा जेमतेम आठ टक्क्यांनी जड, तेव्हा वजनासाठी पितळ घेतलं म्हणणं अर्धसत्य आहे. पितळ लवचीक असतं, त्याचा ताठरपणा पोलादाच्या निम्मा. म्हणून जाड असूनही ते मोकळं हलतं. मिरजेत जोडीच्या तारा पोलादाच्या आणि खर्ज पितळेचा, यामागे एवढा विचार आहे.

युरोपने दुसरी वाट धरली. आत बारीक तार, तिच्यावर धातूच्या तारेचे वेढे. वाकण्याचं काम आतल्या तारेने करायचं, वजन बाहेरच्या वेढ्यांनी वाहायचं. 1664 साली लंडनच्या जॉन प्लेफर्डने आपल्या संगीताच्या पुस्तकात, तात किंवा रेशमावर बारीक तार गुंडाळून केलेल्या या नव्या तारांची जाहिरात दिली. दहा-अकरा वर्षांनी सेंत-कोलोंब या वादकाने त्या फ्रान्समध्ये रुळवल्या असं मानतात. माझ्या मते वाद्यांच्या इतिहासात हा वेढा फार मोठी गोष्ट आहे आणि त्याचं कौतुक फार कमी झालं. या वेढ्यामुळे मोठ्या वाद्यांना अंग चोरून लहान होता आलं.

बेस गिटार ही त्याच अंग चोरण्याची शेवटची पायरी. उभ्या डबल बेसची तार एक मीटरहून लांब असते. 1951 साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडरने ती 34 इंचांवर, म्हणजे 86 सेंटिमीटरवर आणली. गळ्यावर पडदे ठोकून स्वर अचूक केला, म्हणून नाव प्रिसिजन. वाद्य आखूड केल्यावर खर्जासाठी तारेला वजन खावं लागलं. आज नेहमीच्या संचात जाडी 0.045 ते 0.105 इंच असते, म्हणजे साध्या गिटारची सर्वांत जाड तार जवळपास बेसची सर्वांत बारीक. चारही मिळून गळ्याला सुमारे ऐंशी किलोंचा ताण देतात.

बेसच्या तारांवरचे सुरुवातीचे वेढे सपाट पट्टीचे होते. हाताला गुळगुळीत, आवाज गोल आणि मिटलेला. मोटाउन या अमेरिकी रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन आयुष्यभर अशाच जाड सपाट तारांवर वाजवत राहिला आणि तुटल्याशिवाय त्या बदलायच्या नाहीत, असा त्याचा बाणा. मग 1966 साली ‘द हू’ या इंग्लिश रॉक बँडचा बेसवादक जॉन एंटविसलला पियानोसारखा खणखणाट हवा झाला. त्याने आणि तारा बनवणाऱ्या रोटोसाउंडच्या जेम्स हाऊने गोल तारेच्या वेढ्यांचा संच बसवला. आज कोरी बेस बहुधा याच घराण्यातल्या तारा लावून येते. भाच्याला नको होतं ते हेच.

इथे मला गंमत वाटली ती वेगळी. तार पडद्याला किंचित घासली की गिटार दुरुस्त करणारा कपाळाला आठ्या घालतो, घोडी उंचावतो, गळ्यातल्या सळईला पाव फेरी देतो. तानपुऱ्याचा कारागीर तेच घासणं मुद्दाम घडवतो. घोडीचा माथा कानसून कानसून तारेखाली दोरा सरकवतो आणि त्या घासण्याला जवारी म्हणतो. एकाचा दोष ते दुसऱ्याचं सगळं आयुष्य.

भाच्याला मी काय सांगितलं? सपाट तारा घे, पण आधीच्यापेक्षा जाड घेतल्यास ताण वाढेल, गळा वाकेल, वरच्या खाचा रुंदवाव्या लागतील. निम्मा वेळ जुळवाजुळवीतच जाईल. जाड तार खुंटीच्या पलीकडे चार-पाच बोटं राखूनच काप, आखूड कापलीस तर खुंटीवर वेढे बसणार नाहीत.

सपाट संचाची किंमत पाहून तो गप्प झाला. मग मी त्याला फेंडरच्या जुन्या बेसची युक्ती सांगितली. घोडीवरच्या धातूच्या झाकणाखाली मऊ पट्टी असायची, ती तारांना टेकायची आणि खणखणाट गिळायची. तारा त्याच, पैसा नको.

तो उठून स्वयंपाकघरात गेला, काहीतरी कापून आणलं आणि घोडीजवळ तारांखाली कोंबलं. वाजवलं. घुमारा आला, अगदी त्याला हवा तसा. रात्री भांडी घासायला बहिणीने कोरा स्पंज काढला, तो अर्धाच निघाला.