लीड्स सिटीची मिटलेली वही

हिशेबाची वही दाखविण्यास जो कचरतो, त्याच्याविषयीं लोक चांगलें अनुमान काढीत नाहींत. इंग्लंडांतील लीड्स सिटी या फुटबॉल क्लबास १९१९ सालीं या अनुमानाची फार जबर किंमत द्यावी लागली.

पैसे घेऊन खेळण्यास इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननें १८८५ सालीं मान्यता दिली. पुढें धनवान क्लबांनीं सारे चांगले खेळाडू आपल्याकडे ओढूं नयेत, म्हणून १९०१ पासून आठवड्यास ४ पौंड ही वेतनाची कमाल मर्यादा घालण्यांत आली. पहिल्या महायुद्धांत तर वेतन देणेंच बंद झालें. खर्चापुरते पैसे तेवढे द्यावे, असा नियम होता. रणांगणावर तरुण पडत असतां मैदानावर पगार वांटले जावेत, हें लोकांस रुचण्यासारखें नव्हतें.

लीड्स सिटीनें हा नियम मोडला, असा आरोप युद्ध संपल्यावर तिच्याच एका जुन्या खेळाडूनें केला. असोसिएशन व फुटबॉल लीग यांनीं मिळून चौकशी आरंभिली आणि हिशेबाचीं पुस्तकें हजर करण्याची आज्ञा केली. संचालकांनीं तीं दिलीं नाहींत. ४ ऑक्टोबर रोजीं संघानें वुल्व्हरहॅम्प्टन येथें ४ विरुद्ध २ गोलांनीं विजय मिळविला. तोच त्याचा अखेरचा सामना ठरला. थोड्याच दिवसांत क्लब लीगमधून काढला गेला, आणि १७ ऑक्टोबर रोजीं लीड्समधील मेट्रोपोल हॉटेलांत इतर क्लबांनीं बोली लावून त्याचे खेळाडू विकत घेतले. एकंदर ९,००० पौंडांहून अधिक रक्कम जमली.

व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांच्यावरही बंदी आली. ते युद्धकाळांत दारूगोळ्याच्या कारखान्यांत कामास होते, हें पटल्यावर ती उठली; पुढें त्यांच्या हाताखालीं हडर्सफील्ड संघ १९२४ व १९२५ सालीं लीगचा विजेता झाला.

वही लपविली संचालकांनीं. संघ गमावला तो दर शनिवारीं तिकीट काढून येणाऱ्या सामान्य माणसानें. मात्र नगरवासी स्वस्थ बसले नाहींत. त्यांनीं लीड्स युनायटेड हा नवा क्लब उभारला व १९२० सालीं त्यास लीगमध्यें प्रवेश मिळाला.

आतां शिक्षा मोजून देतात. २०२३ सालीं तोट्याची मर्यादा ओलांडल्याबद्दल एव्हर्टन क्लबाचे १० गुण कापले गेले. पुढील वर्षीं अपिलांत ती कपात ६ गुणांवर आली. तेथें हिशेब समोर होते, म्हणूनच अपराधाचें माप घेतां आलें. वही मिटलेली असली म्हणजे न्यायासही तराजू ठेवून कुऱ्हाड उचलावी लागते.