कॅनाबिनॉल : शिळ्या गांजाचें रहस्य

गांजा फार दिवस साठविला म्हणजे त्याची मादकता कां ओसरते? एके काळीं मुंबई इलाख्यांत, विशेषतः नगर जिल्ह्यांत, गांजाची लागवड होत असे. १८९३-९४ सालीं सरकारी आयोगानें गांजा, भांग व चरस यांची विस्तृत चौकशी केली. परंतु नशेचें मूळ द्रव्य अज्ञातच राहिलें. १८९६ सालीं केंब्रिज येथें वुड, स्पिव्ही व ईस्टरफील्ड यांनीं चरसांतून एक तेल वेगळें काढलें, त्यास ‘कॅनाबिनॉल’ हें नांव दिलें व तेंच नशेचें मूळ मानलें. खरें मादक द्रव्य १९६४ सालीं गाओनी व मेशुलाम यांनीं शुद्ध रूपांत मिळविलें. हवा व प्रकाश लागून त्याचेंच कालांतरानें कॅनाबिनॉल होतें. याची मादकता पुष्कळच कमी. निद्रेचें औषध म्हणून परदेशांत आज तें विकतात. भक्कम पुरावा मात्र अद्याप नाहीं. ज्यास नशेचें मूळ समजलें, तो तिचा अवशेष ठरला!