तळटीप १४ : अंगणातली रिंक

ओंटारियोतल्या मुलाच्या या पत्रात ‘रात्री उठून पाणी मारलं’ असे आहे. परंड्याच्या वाचकाला वाटेल, रात्रीची लाइट, म्हणजे उसाला पाणी! तसे नाही. तो घरामागे स्केटिंगपुरती बर्फाची जागा राखतो. भोवती फळ्या, आत प्लास्टिकचा अखंड कागद. तो पांढराच हवा, गडद कागद ऊन ओढतो आणि बर्फ खालून सुटतो. पारा काही दिवस सलग शून्याखाली राहिला की पाणी भरायचे. खरे काम पुढेच. खेळून खरवडलेला बर्फ झाडायचा आणि रात्री सारवणासारखे पाण्याचे पातळ हात द्यायचे. घाईने जाड थर दिला तर वर पापुद्रा धरतो, खाली पोकळी राहते आणि स्केटचे पाते त्यात रुतते. पडलेले हिमही लगेच ओढायचे, ते थंडी खाली पोचू देत नाही. विख्यात हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की ब्रँटफर्डला वडिलांनी केलेल्या अशाच रिंकवर तयार झाला. विल्फ्रिड लॉरिए विद्यापीठातील संशोधक २०१३ पासून अशा रिंक कोणत्या दिवशी खेळण्याजोग्या होत्या, याच्या नोंदी घरोघरून मागवू लागले. हिवाळा किती आखडतो आहे, ते त्यांना त्यावरून ताडायचे होते.